टाच दुखतेय, पण दाखवायचं कुणाला?

सोलापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आई ५४ वर्षांच्या, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईच्या कामाला. आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गेले तीन महिने डावी टाच दुखते. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाकवत नाहीत, मग जरा मोकळं होतं, संध्याकाळी पुन्हा ठणकतं. एक्सरे काढला, त्यात 'हाड वाढलंय' म्हणाले. एक डॉक्टर इंजेक्शन देऊ म्हणतात, नात्यातलं कुणी फिजिओथेरपी सांगतं, कुणी अग्निकर्म (तापलेल्या सळईने डाग देणं), आणि शेजारच्या मावशी तापलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून शेक घ्या म्हणतात. कोजागरीला चालत तुळजापूरला जायचं आईंनी ठरवलंय. दहा आठवडे राहिलेत. कुणाकडे जावं?

टाचेचं हे वर्णन ओळखीचं आहे, आणि बहुतेक वेळा त्याला इंजेक्शनही लागत नाही, शस्त्रक्रिया तर नाहीच. पण तुमच्या आईंच्या बाबतीत टाचेकडे नंतर वळू. आधी त्यांच्या तळपायाला स्पर्श नीट कळतो का, ते बघायला हवं. आठ वर्षांच्या शुगरमध्ये पायाच्या नसा मंदावलेल्या असू शकतात. तसं असेल तर वर सांगितलेल्या उपायांपैकी निम्मे तिथेच बाद होतात.

याची एक तपासणी घरी करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच शहरात ती बसवली गेली, म्हणून तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. आईंना पलंगावर झोपवा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. 'स्पर्श जाणवला की डावा किंवा उजवा एवढंच म्हणायचं' असं सांगून ठेवा. मग तुमच्या तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाच्या अंगठ्याचं टोक, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट या क्रमाने हलकेच स्पर्श करा, प्रत्येकी एक ते दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, टकटक करायचं नाही. एखाद्या बोटाला कळलं नाही तर तिथे दुसऱ्यांदा हात लावायचा नाही, ती चूक म्हणून मोजायची. इथे घरचे लोक हमखास मदत करतात, 'अगं बघ ना नीट' म्हणून जरा जोरात दाबतात, आणि चाचणी फुकट जाते. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर पाय बधिर व्हायला लागलेत असं धरून चालायचं. पहिली भेट मग हाडांच्या डॉक्टरांकडे नको. शुगर बघणाऱ्या फिजिशियनकडे किंवा डायबेटिक फूट बघणाऱ्या सर्जनकडे जा. तिथे दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून पक्कं निदान होतं. या दोन्ही वस्तू स्वस्त आहेत. शुगरचे पाय तपासणाऱ्याच्या टेबलावर त्या नसतील तर दुसरीकडे दाखवा.

सहाही बोटांना कळलं तर उत्तम. तरीही वर्षातून एकदा हीच तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यायची, कारण नसा मंदावताना माणसाला पत्ता लागत नाही. त्याच भेटीत तीन रक्तचाचण्या करून घ्या: एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) आणि बी-१२ जीवनसत्त्व. बी-१२ यासाठी, की मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने ते कमी होऊ शकतं आणि घरात शाकाहार असेल तर आणखी. तळपायांची आग आणि मुंग्या यांचं खापर सगळे शुगरवर फोडतात आणि भरून निघण्यासारखी कमतरता तशीच राहते. क्रिएटिनिन यासाठी, की टाचेसाठी डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या जातात. शुगर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि सोलापूरच्या उन्हात आटलेलं अंगातलं पाणी, यात त्या गोळ्यांची भर पडली की मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

आता टाच. टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा ताणलेला असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. मागावरच्या ताण्यासारखाच तो सतत ओढलेला असतो आणि पायाची कमान तोलून धरतो. वर्षानुवर्षं जास्त भार पडला की टाचेकडच्या टोकाला त्याचे तंतू झिजतात, पट्टा जाड होतो. रात्री पाय सैल पडतो, पट्टा आखडतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना तो एकदम ताणला जातो आणि कळ येते. म्हणून पहिल्या पावलाची कळ ही या दुखण्याची सही आहे. खात्रीसाठी टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला, कमान सुरू होते तिथे अंगठ्याने दाबा. तिथेच 'आई गं' निघालं, तर निदान जवळपास झालंच.

एक्सरेतलं वाढलेलं हाड म्हणजे टाचेच्या पुढच्या कडेला आलेला छोटा काटा. नाव ऐकूनच माणूस घाबरतो, तो काटा खाली खुपतोय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. वास्तविक तो खालच्या दिशेला नसतो, बोटांच्या दिशेने आडवा असतो. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्सरेत तो सापडतो, आणि दुखणं पूर्ण थांबल्यावरही तो जागेवरच असतो. त्यामुळे 'हाड वाढलंय' या एका वाक्यावर उपचार ठरवू नका, आणि 'हाड विरघळवणाऱ्या' औषधांवर पैसे तर मुळीच घालवू नका. एक्सरे काढला ते चुकलं नाही. दुसरं काही नाही ना, एवढं बघण्यापुरता तो कामाचा.

टाचेच्या प्रत्येक दुखण्याला मात्र हा नियम लागत नाही. दोन्ही तळहातांमध्ये टाच दोन बाजूंनी दाबून बघा. अशी दाबल्यावर जोराची कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. टाचेच्या बरोबर मध्यभागी, फरशीवर उभं राहिल्यावर आणि दिवस चढेल तसं वाढत जाणारं दुखणं बहुधा तिथल्या चरबीची गादी पातळ झाल्याचं असतं. त्याला ताणाचे व्यायाम फारसे लागू पडत नाहीत, मऊ आधार लागतो. टाचेच्या मागे, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीपाशी दुखत असेल तर ते अकिलीस टेंडनचं. आणि दोन्ही टाचा, वय चाळिशीच्या आत, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली, असं एकत्र असेल तर टाचेवर वेळ घालवू नये. संधिवाततज्ज्ञांना दाखवावं.

आईंचं दुखणं फॅशियाचंच निघालं आणि पायाला स्पर्श नीट कळत असेल, तर पहिला माणूस फिजिओथेरपिस्ट. इंजेक्शन देणारे डॉक्टर त्यानंतर. तीन महिन्यांचं दुखणं या आजाराच्या मानाने जुनं नाही. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, फक्त त्याला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही, म्हणून लोक दर तीन आठवड्यांनी डॉक्टर बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते.

फिजिओथेरपिस्ट चांगला की नाही, हे पहिल्या भेटीतच कळतं. त्याने पोटरीची लवचिकता बघितली, चालून दाखवायला सांगितलं, चप्पल हातात घेऊन तिची झीज बघितली आणि घरी करायचे दोन-तीन व्यायाम शिकवून ते तुमच्याकडून करून घेतले, तर तिथेच थांबा. दहा दिवस नुसतं झोपवून मशीन लावलं, वर शेक दिला आणि घरी काही करायला सांगितलंच नाही, तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया. मशीनने तात्पुरतं बरं वाटतं. पट्ट्याची ताकद वाढते ती व्यायामाने.

व्यायाम असे. पहिला, पलंगावरून पाय खाली टेकण्याआधी. डावा पाय उजव्या गुडघ्यावर ठेवायचा, डाव्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढायची. उजव्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला की पट्टा दोरीसारखा ताठ लागतो. तो लागला तरच ओढ बरोबर आहे. दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळचा पहिला चुकवू नका. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीनंतर उठण्याआधीही एकदा करायचा, कारण बराच वेळ बसून उठल्यावरची पहिली पावलंही तशीच असतात.

दुसरा पोटरीसाठी. भिंतीला हात लावून डावा पाय मागे, टाच जमिनीला पूर्ण टेकलेली, बोटं सरळ भिंतीकडे. गुडघा ताठ ठेवून ३० सेकंद, मग गुडघा थोडा वाकवून ३० सेकंद. दोन्ही तीन-तीन वेळा. इथली नेहमीची चूक म्हणजे पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं आणि ताण पोटरीऐवजी कमानीवर जातो.

तिसरा व्यायाम खरा औषधाचा, आणि तोच सगळ्यांकडून सुटतो. पहिले दोन आठवडे झाल्यावर, सकाळची कळ जरा उतरली की सुरू करायचा. जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहायचं, कठडा धरून. बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची, म्हणजे बोटं वर वळतात आणि पट्टा ताणाखाली राहतो. (टॉवेल आणायला तुम्हाला कुठे जावं लागणार नाही.) तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, बारा वेळांचे तीन फेरे, मध्ये एक मिनिट विश्रांती. एक दिवसाआड करायचा, रोज नाही. दोन-तीन आठवड्यांनी एका पायावर यायचं, त्यानंतर पाठीवर पिशवी घेऊन वजन वाढवायचं आणि तेव्हा आठ-दहा वेळाच करायचं. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी चारपर्यंतची कळ चालते. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा वाईट गेलं तर मात्र मागच्या वेळी जास्त झालं असं समजून एक फेरा कमी करायचा.

बर्फाने आराम पडतो. पाण्याची छोटी बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवायची. हे फक्त स्पर्श कळणाऱ्या पायाला. बधिर पायाला बर्फही भाजतो.

चप्पलेबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण सोलापूरच्या घराघरांत शहाबादी फरशी असते आणि घरात अनवाणी वावरणं ही रीतच आहे. पायाखाली दिवसभर दगड. घरातली चप्पल वेगळी ठेवा आणि सकाळी पलंगावरून पाय थेट तिच्यातच जाऊ द्या. दुकानात तीन गोष्टी बघा. दोन्ही टोकं धरून वाकवल्यावर चप्पल बोटांच्या सांध्यापाशी वाकली पाहिजे, मधून दुमडली तर नको. टाचेकडचा भाग पुढच्या भागापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर उंच हवा. आणि टाचेच्या जागी अंगठा दाबल्यावर तो थोडा रुतून परत वर आला पाहिजे. बोटभर जाडीचा स्पंज असलेली, दाबली की सपाट होणारी चप्पल दुकानात मऊ लागते आणि महिन्याभरात बसते. पायाचं माप संध्याकाळी द्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सिलिकॉनची टाचेची वाटी मेडिकलमध्ये काही शेकड्यांत मिळते. ती दोन्ही पायांत घालायची, एकाच पायात घातली तर उंचीत फरक पडून कंबर कुरकुरते. सुरुवातीलाच हजारो रुपयांचे मापाचे इनसोल करून घेण्याची गरज नाही. तयार वाटी आणि चांगली चप्पल यांनी सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुढचं पुढे.

कारखान्यात शिलाई मशीनचं पायडल एकाच पायाने दाबत असतील तर तो पाय आलटून-पालटून वापरता येतो का ते बघा. पायाखाली रबरी चटई घाला. दर तासाला दोन मिनिटं उठायचं. यंत्रमागावर आठ-दहा तास उभ्याने काम करणाऱ्यांना तर हेच पहिलं औषध. तिथे व्यायाम करूनही टाच हटत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा काँक्रीटची जमीन आणि झिजलेली स्लिपर.

आता इंजेक्शन. स्टेरॉइडचं इंजेक्शन निरुपयोगी नाही. पहिल्या महिन्याभरात त्याने बरं वाटतं, पुढे त्याचा फायदा ओसरतो. किंमत अशी, की पट्टा तुटण्याचा आणि टाचेची चरबी पातळ होण्याचा धोका असतो, आणि शुगर काही दिवस चढते, क्वचित आठवडाभर. आईंचं एचबीएवनसी आधीच जास्त असेल तर हा सौदा वाईट. व्यायाम आणि चप्पल सहा ते आठ आठवडे प्रामाणिकपणे करूनही कळ निम्म्याने कमी झाली नाही, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे सोनोग्राफीने पट्ट्याची जाडी मोजायला सांगा. चार मिलिमीटरच्या वर असेल तर निदान पक्कं होतं. इंजेक्शन ठरलंच तर ते सोनोग्राफीत बघून, एकदाच, आणि नंतरचे दोन आठवडे लांब चालणं बंद. सहा महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर शॉकवेव्हचा (मशीनने टाचेवर बाहेरून ध्वनिलहरींचे ठोके देण्याचा) विचार होतो, आठवड्याला एक अशी साधारण तीन ते पाच सत्रं. 'कोजागरीच्या आधी एक सुई घेऊन टाकू, म्हणजे चालता येईल' हा विचार मात्र मनातून काढा. सुईने कळ दबते, पट्टा तितकाच नाजूक राहतो, आणि कळ न कळणाऱ्या पट्ट्यावर सुमारे ४५ किलोमीटर चालणं म्हणजे तो तुटण्याची वाट बघणं.

अग्निकर्माबद्दल. आयुर्वेदात टाचेच्या दुखण्याला वातकंटक म्हणतात आणि त्यावर तापवलेल्या शलाकेने डाग देण्याची पद्धत आहे. काहींना आराम पडतो. पण ती त्वचेवर केलेली जखम आहे, आणि शुगर असलेल्या पायावर मुद्दाम जखम करायची नाही, मग ती देणारा कितीही अनुभवी असो. विटेच्या शेकाचंही तेच. तापलेली वीट किती तापली आहे ते तळपाय सांगतो, आणि तो बधिर असेल तर सांगणारं कुणी उरत नाही. फोड आलेला संध्याकाळी मोजे काढताना दिसतो. रुईचा चीक वेगळाच, कातडीला चरचरतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. ज्यांना शुगर नाही, स्पर्श नीट कळतो, त्यांनी कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवायला काही हरकत नाही. पाणी कोपराने तपासायचं, पायाने तपासायचं नाही.

हे सगळं टाचेचं झालं. पायाचं दुखणं इतर वेशांतही येतं, आणि तिथे जायचं दार बदलतं.

रात्रीतून अंगठ्याचं मूळ लाल, गरम, इतकं नाजूक की चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, असं झालं तर तो गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचा झटका. फिजिशियनकडे जायचं. झटका चालू असताना रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर 'गाऊट नाही' म्हणायचं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी पडल्यावर हे झटके वाढतात. मालिश अजिबात नको.

चवड्यापाशी, तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये विजेसारखी चमक आणि बूट काढले की आराम, हे नस दबल्याचं. आधी टोकदार बूट टाकून बघा. भोवरी असेल तर ब्लेडने कापू नका. शुगर असेल तर मेडिकलमधली भोवरीची पट्टीही लावू नका, तिच्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड आजूबाजूची चांगली कातडीही खातं. पावसाळ्यातल्या चिखल्या साध्या वाटतात, पण शुगरच्या पायात जंतू आत शिरायची ती सोपी वाट आहे. बोटांमधली जागा कोरडी ठेवायची आणि बुरशीचं मलम त्वचेच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, पूर्ण मुदत लावायचं. भेगांसाठी युरिया असलेलं मलम रात्री लावून मोजे घालायचे. मात्र बोटांच्या बेचक्यात कोणतंही तेलकट मलम घालायचं नाही.

विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लिंबाएवढा मऊ फुगा येतो. मांडी घालून तासन्‌तास बसल्याने तिथे पाण्याची पिशवी तयार होते. तो कापून काढायला लोक घाई करतात, आणि पुन्हा तशीच बैठक चालू राहिली की फुगाही परत येतो. घोट्याखाली फडक्याची चुंबळ ठेवून हाड जमिनीपासून उचललेलं राहू दिलं आणि बसण्याची बाजू बदलली, तर बहुतेक फुगे आपोआप आटतात. तो लाल, गरम झाला तरच सर्जनकडे. सुईने पाणी काढणं शक्यतो टाळा, पू होऊ शकतो.

पाय मुरगळला तर एक्सरे लागेल की नाही, हे बरंचसं घरी ठरवता येतं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालच्या टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबत या. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी जो उंचवटा लागतो तो, आणि कमानीच्या वरचं आतल्या बाजूचं हाड. यांपैकी कुठेही हाडावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्सरे. नाहीतर बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंच, आणि दोन दिवसांनी हळूहळू हालचाल. चोळून घ्यायला नेऊ नका. मोडलेलं हाड चोळल्याने सरकतं, आणि मग प्लास्टरवर निभावलं असतं तिथे ऑपरेशन लागतं.

पोटरीच्या मागे कुणी लाथ मारल्यासारखं वाटून एकदम पाय लुळा पडला, चवड्यावर उभं राहता येईना, तर अकिलीस टेंडन तुटलेलं असू शकतं. एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांकडे. कंबरेपासून पावलापर्यंत कळ उतरत असेल, किंवा चालताना पाऊल खाली लोंबत असेल, तर मूळ पाठीत असू शकतं, पाऊल लोंबण्याचं मूळ कधी गुडघ्याजवळच्या नसेतही असतं.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते, आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर भरते, हे रक्तपुरवठा कमी पडल्याचं लक्षण. बिडी, मिश्री, तंबाखू यांची साथ असेल तर शंका पक्की. रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटत असेल तर आजार पुढे गेलाय. डॉपलरने (रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात. त्यांचं प्रमाण ०.९ च्या खाली गेलं तर रक्तवाहिनी अरुंद. शुगरच्या रुग्णांत ते १.३ च्या वर आलं तर ते चांगलं समजू नका. रक्तवाहिन्या कडक झाल्याने आकडा खोटा येतो आणि पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळा मोजावा लागतो. इथे रक्तवाहिन्यांचे सर्जन लागतात, आणि तंबाखू पूर्ण बंद.

वेळ न दवडता जायचं, असे प्रसंग थोडे आहेत. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर हातात तासच असतात, सहाच्या आसपास. १०८ ला फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. शुगरच्या पायावर काळा डाग, वास येणारी जखम, किंवा जखमेसोबत ताप असेल तर त्याच दिवशी.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे शुगरच्या माणसाचा एक पाय सुजलेला, लालसर, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागणारा, पण दुखणं अगदी कमी. जखम नाही, ताप नाही. याला शार्को फूट म्हणतात. पायातली हाडं आतून ठिसूळ होऊन ढासळत असतात, पण बधिरपणामुळे माणूस त्यावर चालत राहतो. सुरुवातीचा एक्सरे नॉर्मल असू शकतो. कुणी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक देतं, कुणी गाऊट म्हणून गोळ्या, आणि काही आठवडे-महिन्यांत पायाची कमान उलटी होऊन तळवा होडीच्या बुडासारखा होतो. दोन्ही पायांच्या तापमानात दोन अंश सेल्सिअसचा फरक हे त्याचं चांगलं लक्षण आहे. अशा पायावर त्याच दिवसापासून वजन टाकणं बंद, आणि डायबेटिक फूट बघणाऱ्यांकडे जाऊन गुडघ्याखालपर्यंतचं, पायाला सगळीकडून टेकणारं प्लास्टर. दुखत नाही म्हणून हे लोक सगळ्यात उशिरा येतात.

सोलापुरात खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अस्थिरोग, औषधवैद्यक आणि शल्यचिकित्सा हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. शुगर आणि टाच दोन्ही असताना हे सोयीचं. आधी मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात पाय तपासून घ्या, तिथून ऑर्थोला चिठ्ठी मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः दाखल होऊन होणाऱ्या उपचारांना असतो, टाचेच्या साध्या तपासणीला तिचा उपयोग नाही. खासगीत 'फूट क्लिनिक' अशी पाटी दिसली तर मागे कोण आहे ते विचारा. आपल्याकडे केवळ पायाचंच स्वतंत्र शिक्षण घेतलेले फार थोडे आहेत. पाटीमागे सर्जन असेल, मधुमेहतज्ज्ञ असेल, किंवा नुसते बूट आणि इनसोल विकणारा असेल.

कुठेही जाताना वापरातली जुनी चप्पल, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि सात दिवसांची नोंद घेऊन जा: सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती दुखलं आणि किती मिनिटांत मोकळं झालं. या दोन आकड्यांवर उपचार लागू पडतोय की नाही ते कळतं, एक्सरेवर कळत नाही.

राहिली कोजागरी. दहा आठवड्यांत टाच बरीच सुधारू शकते, पण ती तीन महिने दुखलेली टाच आहे आणि एका रात्रीत ४५ किलोमीटरचा भार तिला या वर्षी देऊ नका. मधल्या काळात रोज २० मिनिटं चालून सुरुवात करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, सकाळची कळ वाढली की तिथेच थांबा. मग तुळजापूरच्या अलीकडे चार-पाच किलोमीटरपर्यंत एसटीने आणि शेवटचा टप्पा चालत, हे जमण्यासारखं आहे. अनवाणी मात्र नाही. स्पर्श कळत नसेल तर देवळाच्या आवारातही जाड मोजे घालूनच, आणि दुपारच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालूनही नाही.

ग्लिमेपिराइड चालू असताना उपास आणि लांब चाल एकत्र आली की शुगर एकदम खाली जाते. त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि पिशवीत साखर किंवा ग्लुकोज असू द्या. बूट नवे नकोत, निदान तीन आठवडे वापरलेले हवेत. मोज्यांचा एक जास्तीचा जोड जवळ ठेवा, ओले झाले की बदला. दर तासाला बसून बूट काढायचे, मोबाइलच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, बूट उलटा करून खडा झटकायचा. फोड दिसला तर फोडायचा नाही, त्यावर स्वच्छ गॉज बांधायचं आणि मिळेल त्या पुढच्या गाडीत बसायचं.